बर्फाचे टायर आणि आतल्या बाजूचे चार आकडे

सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात काढली. आलेल्या मालावरचा छाप, तारीख आणि माप पाहिल्याशिवाय शेऱ्याची सही करायची नाही, हेच माझे काम होते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडले ते वाचून ‘थोडे तरी बघायचे ना’ असे कोणालाही वाटेल, आणि ते मला माझ्या सौभाग्यवतींनी पुरेसे ऐकवून झालेले आहे. यंदाही डिसेंबर आला आहे आणि ओळखीतली दोन कुटुंबे गाडीने मनालीला निघाली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

माझी धाकटी मुलगी आणि जावई कुल्लूजवळ राहतात. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे स्वतःच्या इनोव्हा क्रिस्टाने जायचे आम्ही ठरवले. नाशिकहून धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली असा साधारण १८०० किलोमीटरचा रस्ता आहे. जावईबापूंनी फोनवर एकच गोष्ट बजावली होती. या गाडीत इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, मागे माणसे आणि सामान नसेल तर तो भाग हलका राहतो, आणि घट्ट दबलेल्या बर्फावर हीच चाके आधी जागच्या जागी फिरू लागतात. त्यामुळे बर्फाचे टायर घ्यायचेच असतील तर चारही घ्या, दोन घेऊन भागवू नका, असे ते म्हणाले. सल्ला योग्य होता. फक्त मागे चांगले टायर लावले तर गाडी पुढे जाते, पण पुढची चाके वळायला आणि थांबायला तयार नसतात. फक्त पुढे लावले तर वळणावर मागचा भाग घसरून गाडी आडवी होते, आणि ते त्याहून वाईट.

नाशिकमध्ये असे टायर सहज मिळत नाहीत, आणि मिळण्याचे कारणही नाही. तरीही द्वारका परिसरात ‘बाहेरचा माल’ ठेवणारे एक दुकान असल्याचे कानावर आले, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे गेलो. मालक चाळिशीचा, गोड बोलणारा. आल्या आल्या चहा मागवला. मी मनालीचे नाव काढताच तो म्हणाला, “काका, मनाली सोडा, आपल्या निफाडलाच पारा पाचाच्या खाली येतो. थंडीत साधं रबर दगडासारखं होतं. हे बघा, खास बर्फाचे.” निफाडचे म्हणणे खरेच होते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. खोटे बोलणारा माणूस सुरुवात नेहमी अशा खऱ्या वाक्याने करतो की काय कोण जाणे; त्या एका वाक्यामुळे त्याचे पुढचे सगळे मी ऐकत गेलो.

त्याने दाखवलेला टायर दिसायला देखणा होता. काळाभोर, पॉलिशने चकचकीत, मध्यभागी एकामागून एक बाणांच्या टोकांसारखी नक्षी आणि बाजूला ‘एम प्लस एस’ ही अक्षरे. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “एस म्हणजे स्नो, काका. कंपनीनेच लिहिलंय.” माप माझ्या गाडीचेच होते, २०५/६५ आर १६. एका टायरचे ११,५०० याप्रमाणे चारांचे ४६,००० रुपये ठरले. पक्के बिल हवे असेल तर २८ टक्के जीएसटी वर पडेल, असे त्याने सहज सुचवले (सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्के झाला आहे, तेव्हा तो २८ होता), आणि मी ‘राहू द्या’ म्हणालो. ही चूक सर्वस्वी माझी. हातात पडली ती वहीच्या पानाएवढी कच्ची पावती: ‘टायर ४ नग’. कंपनी नाही, माप नाही, क्रमांक नाही.

गाडीचे जुने टायर अजून बरे होते. खाचांची खोली मी घरी मोजली होती, ती पाच मिलिमीटरच्या आसपास भरली. कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते. दुकानदाराने मात्र मान हलवत ‘गोटा व्हायला आलेत’ असे सांगून ते प्रत्येकी ८०० रुपयांना ठेवून घेतले. त्यांतल्या एकाच्या बाजूला आमच्या सोसायटीच्या गटाराच्या लोखंडी झाकणाने बोटभर लांबीचा तिरका ओरखडा पाडला होता, तेवढा दोष मीच प्रामाणिकपणे दाखवला. टायर चढवायला मुले लागली तेव्हा मालकाने मला आत बोलावून दुसरा चहा पाजला. तो चहा कशासाठी होता, हे मला दीड महिन्याने कळले.

मनालीपर्यंत काहीच जाणवले नाही. पलचानच्या पुढे सोलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आदल्या रात्रीचा बर्फ वाहनांखाली दबून काचेसारखा झाला होता. चढताना मागची चाके दोनदा जागीच फिरली, तेव्हा पुढे जाण्याचा हट्ट सोडून आम्ही परत फिरलो, आणि उतारावर मी घाटातल्या सवयीने झटकन खालचा गिअर टाकला. कसारा घाटात हे बरोबर असते. पण या गाडीत इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो. पकड नसलेल्या रस्त्यावर तो एकदम आला की ती चाके अडखळतात आणि गाडीची शेपूट बाजूला निघते. तसेच झाले. गाडी तिरपी होऊन वीसेक फूट घसरली आणि डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगाला टेकली. दरी दुसऱ्या बाजूला होती. कोणाला लागले नाही. मागच्या सीटवर सौभाग्यवती जे स्तोत्र म्हणत होत्या ते त्यांनी मध्येच न थांबवता पूर्ण केले, तेवढा वेळ मीही स्टेअरिंग धरून बसून राहिलो.

मागून आलेल्या एका टॅक्सीचालकाने मदत केली. त्याने बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरभोवती गुंडाळायच्या लोखंडी साखळ्या आपल्या गाडीतून आणल्या, आमच्या मागच्या दोन्ही चाकांना चढवल्या, कारण ताकद जिथे जाते तिथेच साखळी लागते, आणि चढवता चढवता थबकून म्हणाला, “अंकल, ये दो टायर तो उल्टे चढ़े हैं।” मी उतरून पाहिले. गाडीसमोर उभे राहिल्यावर डावीकडच्या टायरांवरच्या बाणांची टोके जमिनीकडे होती, जशी हवीत तशी. उजवीकडच्या दोन्ही टायरांवर ती आकाशाकडे होती. असा टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असतो, कारण त्याचे टोक आधी रस्त्याला लागून पाणी आणि चिखल दोन्ही बाजूंना फेकायचा असतो. बाजूला तसा बाणही कोरलेला असतो. त्याने आणखी एक गोष्ट विचारली: “पहाड़ का निशान कहाँ है?” तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असे चिन्ह खऱ्या हिवाळी टायरवर असते, आणि दबलेल्या बर्फावरची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ते मिळते. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ती अक्षरे नक्षीकडे पाहून उत्पादकाने स्वतःच घालायची असतात, त्यांना चाचणीची अट नाही. म्हणूनच जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी ती एकटी अक्षरे चालत नाहीत, डोंगराचे चिन्ह लागतेच. आमच्या चार टायरांवर डोंगर कुठेच नव्हता.

उलटे टायर ही मुलांची घाई असावी, असे मला परतीच्या वाटेवर वाटत होते. नाशिकला आल्यावर अंबड लिंक रोडवर ज्या वृद्ध पंक्चरवाल्या चाचांकडे मी वर्षानुवर्षे जातो, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी चारही चाकांभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “तारीख कुठंय, साहेब?” प्रत्येक टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर एक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. हा पूर्ण क्रमांक बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि आमच्या चारही टायरांची बाहेरची बाजू कोरी होती. चाचांनी उजवे मागचे चाक उतरवले, आतली बाजू वर करून आडवे ठेवले, रॉकेलच्या बोळ्याने पॉलिश पुसले आणि माझा हात धरून अंगठा त्या जागी टेकवला. खरखरीत उंचवटे बोटाला लागले: ३४१६. म्हणजे २०१६ सालचा ३४वा आठवडा. मी डिसेंबर २०२४ मध्ये ‘नवे’ म्हणून घेतलेले टायर आठ वर्षांहून जुने होते. पुढच्या दोन टायरांवर त्या चार आकड्यांच्या जागी कानशीने घासल्यासारखा सपाट, मळकट पट्टा होता.

मग उलट चढवण्याचे गणितही चाचांनी उलगडले, आणि तपासणी खात्यातला माणूस म्हणून मला ते ऐकून राग येण्याआधी, खोटे कशाला बोलू, थोडे कौतुकच वाटले. एकाच साच्यातून निघालेल्या टायरांवर तारखेची बाजू आणि फिरण्याची दिशा यांचे नाते ठरलेले असते. चारही टायर दिशेप्रमाणे बरोबर चढवले, तर गाडीच्या एका अंगाला तारीख बाहेर दिसणारच. चारही तारखा आत लपवायच्या असतील तर एका अंगाचे दोन टायर उलटे चढवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा चहा त्यासाठी होता.

चाचांनी खुणेने दाखवलेली आणखी एक उणीव म्हणजे आयएसआय चिन्ह. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर ते सक्तीचे आहे, आणि या टायरांवर ते नव्हते. जून २०२० पासून तयार टायरांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे ‘बाहेरचा माल’ स्वस्तात दाखवला जातो तेव्हा तो कुठल्या गोदामात किती वर्षे पडून होता, हा प्रश्न आधी पडायला हवा. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. हिवाळी टायरचा सगळा उपयोगच सात अंशांखाली मऊ राहणाऱ्या रबरात आणि त्यावरच्या बारीक चिरांत असतो. माझ्या टायरांवर अशा चिरा नव्हत्याच, आणि रबर नखाने दाबले तर हलत नव्हते.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो चहाचे नाव न काढता म्हणाला, “टायर म्हणजे काय दूध आहे का काका, नासायला? आणि हे आमच्याकडचेच कशावरून?” कच्च्या पावतीचे मोल मला त्या क्षणी कळले. सुदैवाने सौदा ठरण्याआधी त्याने मला व्हॉट्सॲपवर टायरांचे फोटो पाठवले होते, खाली ‘एकदम नवीन, खास बर्फाचे, इनोव्हा साइज’ असे लिहून, आणि पैसे मी यूपीआयने दिले होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चाचांसमोर चारही टायरांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, की १५ दिवसांत पैसे परत न केल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही, एवढी चौकशी मी करून ठेवली होती. बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. बरीच घासाघीस होऊन ३०,००० रुपयांवर मिटले. पूर्ण रकमेसाठी लढायला हवे होते असे काही जण म्हणतात; मला तेवढा दम नव्हता.

आता प्रवासाला निघणाऱ्या त्या दोन कुटुंबांसाठी. नाशिकहून आठ दिवसांसाठी बर्फात जाणाऱ्याला हिवाळी टायर मुळात लागतच नाहीत, असे माझे मत झाले आहे. खरे मिळाले तरी इंदूर-ग्वाल्हेरच्या दुपारच्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजेल आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकही लांबतील. चांगल्या खाचांचे साधे टायर, मागच्या चाकांच्या मापाच्या साखळ्या आणि त्या चढवण्याचा घरच्या अंगणात एकदा केलेला सराव, एवढे न्या. टायर घ्यायचेच असतील तर ते रिमवर चढण्याआधी जमिनीवर आडवे ठेवायला सांगा, दोन्ही बाजू स्वतः फडक्याने पुसा, चार आकडे मोठ्याने वाचा आणि दुकानदाराला ते पक्क्या बिलावर मापासकट लिहायला लावा. जो ‘कशाला काका’ म्हणेल, त्याच्याकडून उठा. चढवून झाल्यावर गाडीसमोर उभे राहून बाणांची टोके बघा. चहा नंतर घ्या.

३०,००० रुपये घ्यायला मी दुकानात गेलो, तेव्हा मालक आत नोटा मोजत होता आणि मी बाहेरच्या रॅकसमोर उभा होतो. खालून दुसऱ्या ओळीत पॉलिश केलेले चार टायर लावून ठेवले होते, वर खडूने ‘२०५/६५ आर १६, फक्त ६ महिने वापर, ३,२००’ असे लिहिलेले. उजवीकडून दुसऱ्या टायरच्या बाजूवर पॉलिशच्या थराखालून बोटभर लांबीचा तिरका ओरखडा दिसत होता.