फॉस्फोलेमन की गॅमा उपघटक?

सोडियम पंपाच्या, म्हणजे पेशीतील सोडियम बाहेर काढणाऱ्या प्रथिनाच्या, नियमनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा फॉस्फोलेमन आणि गॅमा उपघटक ही दोन प्रथिने येतात आणि निवड अडते. दोन्ही एफएक्सवायडी या, पंपाला जोडून त्याचे काम बदलणाऱ्या छोट्या प्रथिनांच्या कुळातील आहेत, पेशीपटल एकदाच ओलांडतात आणि पंपाची सोडियमविषयीची ओढ कमी करतात. येथवर फरक नाही.

नियंत्रणाच्या निकषावर मात्र फॉस्फोलेमन सरस ठरते. हृदयस्नायूत ते पंपाला रोखून धरते. अ‍ॅड्रेनॅलिनच्या इशाऱ्यावर प्रोटीन कायनेज ए हे विकर त्याच्या साखळीतील ६८व्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडते, तेव्हा हा अटकाव दूर होतो आणि वाढलेल्या ठोक्यांबरोबर आत शिरणारे सोडियम पंप झपाट्याने बाहेर काढू लागतो. तरीही प्रथिन पंपाला सोडून जात नाही, केवळ त्याची पकड बदलते, आणि खरी गंमत इथेच आहे.

गॅमा उपघटक मुख्यतः मूत्रपिंडात आढळतो. तो पंपाची एटीपी या पेशीच्या ऊर्जाद्रव्याविषयीची ओढ वाढवतो, त्यामुळे ऊर्जा तुटपुंजी असतानाही काम चालू राहते. त्याच्या ४१व्या स्थानावरच्या ग्लायसीन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनीन हे दुसरे अमिनो आम्ल आल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटते. आनुवंशिक आजाराशी जुळणारा हा थेट धागा हेच त्याचे बलस्थान.

क्षणोक्षणी बदलणारे नियमन पाहायचे असेल तर फॉस्फोलेमन घ्यावे. क्षारसंतुलन आणि आनुवंशिक विकार यांत रस असेल तर गॅमा उपघटक.