सुपरचार्जर म्हणून मला पंखा विकला

चौतीस हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण मला गंडवलं कसं हे सांगायलाच हवं, कारण त्या माणसाने खोटं फार थोडं सांगितलं.

माझी गाडी १२०० सीसीची, साधी पेट्रोल. सासुरवाडी साताऱ्याची, त्यामुळे खंबाटकी घाट नेहमीचा. चार माणसं आणि एसी असला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते. म्हणून पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने नीट समजावलं. टर्बो काय, सुपरचार्जर काय, दोन्ही इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतात, म्हणून जोर वाढतो. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, त्यासाठी एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड (इंजिनला जोडलेला नळ्यांचा जोड) बदलायचं, ऑइलची लाइन द्यायची, आणि पाय दाबल्यावर जोर यायला थोडा उशीर लागतो. सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याला हा उशीर नाही, कमी आरपीएमला तो लगेच ओढतो. हे सगळं खरंच आहे. मग म्हणाला, "आता इलेक्ट्रिक आलेत साहेब, पट्टापण नको. ऑडीत आहे." तेही खरं. २०१६च्या एसक्यू७ मध्ये आहे. फक्त तो ४८ व्होल्टवर चालतो, ७ किलोवॅटपर्यंत वीज खातो आणि दोन टर्बोंच्या जोडीला असतो, एवढं सांगायचं त्याने टाळलं.

दोन तासांत एअर फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला काळा डबा बसला, डॅशबोर्डवर बूस्ट मीटर, म्हणजे भरलेल्या हवेचा दाब दाखवणारा मीटर लागला. पाय दाबला की सूंऽऽ आवाज यायचा आणि काटा वर जायचा. मला गाडी पळतेय असंच वाटलं. घाटात मात्र पुन्हा दुसरा गिअर. चार हजार आरपीएमच्या पुढे तर आधीपेक्षाही मंद.

शेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी मीटर पाहिला. पेट्रोल इंजिन नुसतं चालू असताना हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, काटा शून्याच्या खाली हवा. माझा शून्यावर. मागे हवेची नळीच नव्हती; दोन वायरी होत्या, त्यातली एक अ‍ॅक्सिलरेटरच्या सेन्सरला जोडलेली. मग त्यांनी डबा काढून बॅटरीला लावला आणि तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवी फुगली. काकांनी तळहाताने जरा दाबताच सगळी हवा पात्यांमधून मागे निघून गेली. अँपिअर मोजले, पाच. म्हणजे ६० वॅट. माझं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला जवळपास ६० लिटर हवा ओढतं. तिला अर्धा बार दाब द्यायचा तर तीन-चार किलोवॅट लागतात, १२ व्होल्टवर २५० ते ३३० अँपिअर. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला हे झेपणारच नाही. उलट वेग वाढला की हा पंखा हवेच्या वाटेत अडसर होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. एका पात्याला मुळाशी तडा गेला होता. डबा फिल्टरच्या पुढे, म्हणजे तुकडा तुटला असता तर थेट थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत. गाडीत माझी मुलगी मागे झोपलेली असते.

पैसे मागायला गेलो तर त्याने माझंच बिल दाखवलं. त्यावर "एअर फिल्टर व फिटिंग" एवढंच. कुणी बसवायला निघालं असेल तर बिलावर "सुपरचार्जर" आणि किती बूस्ट ते लिहून मागा, आरसीत बदलाची नोंद कोण करून देणार तेही विचारा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

त्या दिवशी तिथे आणखी एक पांढरी हॅचबॅक उभी होती, बॉनेट उघडं, आत तसाच काळा डबा. मालकाला मी ओळखत नाही. तुम्ही हे वाचत असाल तर आजच त्या डब्याचा पाइप काढा आणि पाती बघा.