सुटं कॅट फूड घेताना सावध राहा, आमच्या बिट्टीचे डोळे गेले

सांगलीतल्या एका दुकानातून मी नऊ महिने आमच्या बिट्टीसाठी किलोवर सुटं कॅट फूड आणलं. ते मांजराचं खाणं नव्हतंच, कुत्र्याचं होतं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी कृपया हे शेवटपर्यंत वाचावं.

बिट्टी आम्हाला 2019 च्या महापुरानंतर सापडली. गावभागातलं आमचं घर धुऊन काढताना जिन्याखालच्या चिखलात हे एवढंसं पिल्लू ओरडत होतं. आमचं घर जैन, अंडंसुद्धा आत येत नाही. पण मांजराला मांसाहार लागतोच, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. म्हणून पहिल्यापासून तिला कंपनीचं बंद पाकिटातलं खाणं द्यायचे. गच्चीच्या जिन्यापाशी तिची वेगळी वाटी असायची. सासूबाईंनीही कधी कुरकुर केली नाही.

2022 च्या दिवाळीनंतर पाकीट आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, चारशे-साडेचारशे कशाला घालवताय? शाकाहारी कॅट फूड आलंय, हिरव्या ठिपक्याचं. तुमच्या घरात चालंल." एकशे ऐंशी रुपये किलो. पारदर्शक पिशवी, तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं, वर मांजराच्या चित्राचं स्टिकर. मी स्पष्ट विचारलं, "मांजराला लागतं ते सगळं आहे ना यात?" तो म्हणाला, "सगळं आहे. मोठ्या पोत्यातनं काढतो, पाकिटाचे पैसे वाचतात, एवढंच." किंमत जास्त लावली असती तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण मी नेमका प्रश्न विचारला होता आणि त्याने नेमकं खोटं सांगितलं.

बिट्टी ते दाणे आवडीने खायची. वजनही उतरलं नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. जुलैत लक्षात आलं की तिचे डोळे वेगळे दिसतायत. मांजराची बाहुली उन्हात रेघेसारखी बारीक होते ना, तशी हिची होईना. भर दुपारी गच्चीवरसुद्धा काळीभोर, गोल. मग एका संध्याकाळी कठड्यावरून पाण्याच्या टाकीवर मारायची रोजची उडी चुकली आणि ती टाकीच्या अलीकडे धपकन पडली. उठून पुन्हा अंदाज घेत मान हलवत राहिली, पण उडी मारेना. त्यानंतर पंधरा दिवसांत श्वास लागायला लागला. निजलेली असली तरी पोट भात्यासारखं हलायचं.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खायला काय देता?" मी पिशवी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली. घटक, तारीख, बनवणाऱ्याचं नाव, काहीच नव्हतं. म्हणाले, "यात टॉरिन नसणार." पुण्याला नेऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय फुगलेलं, भिंती पातळ झालेल्या, आकुंचन अगदी कमी.

टॉरिन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मांजराला खाण्यातून मिळावा लागणारा हा एक पोषक घटक. डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगते. 1827 मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून टॉरिन. कुत्र्याचं शरीर गंधक असलेल्या दुसऱ्या अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांपासून, ते स्वतः बनवतं. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी एन्झाइम्स तिच्यात फार दुबळी असतात. शिवाय मांजराच्या पित्ताला टॉरिनच लागतं, दुसरं काही चालत नाही, त्यामुळे ते रोज थोडं थोडं शरीराबाहेर जातं. खाण्यातून भरून निघालं नाही की साठा संपतो, आणि मार बसतो डोळ्यांच्या पडद्यावर नाहीतर हृदयावर. आमच्या बिट्टीला दोन्हीकडे बसला. डोळ्यांचा संबंध 1975 मध्ये सिद्ध झाला. हृदयाचा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधनातून कळला. त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा हृदयविकार खूप कमी झाला. म्हणजे जो आजार इतक्या वर्षांपूर्वी आटोक्यात आला, तो माझ्या घरात एका खोट्या स्टिकरमुळे आला.

मी आणि हे दोघंही दुकानात गेलो. गल्ल्यामागे पोतं उभं होतं, त्यावर हिरवा ठिपका आणि ठसठशीत कुत्र्याचं चित्र. दुकानदार म्हणाला, "मांजरं खात्यात की, काय होतंय?" नऊ महिन्यांत एकदाही पक्कं बिल दिलेलं नव्हतं. शेवटच्या दोन किलोंचे तीनशे साठ रुपये त्याने काउंटरवर टाकले. मी ते उचलले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण बिलाशिवाय पुढे सरकणं अवघड जातंय.

बिट्टीला टॉरिन दिवसातून दोनदा 250 मिलिग्रॅम सुरू झालं, सोबत छातीतलं पाणी कमी करायचं औषध. हा तिचा डोस आहे, तुमच्या मांजराचा डॉक्टरच ठरवतील. चार महिन्यांनी इकोत हृदय बरंच सुधारलेलं दिसलं. डोळ्यांचा पडदा मात्र एकदा गेला की परत येत नाही. आता वाटीवर चमच्याने दोनदा टकटक केलं की ती भिंतीला मिशा घासत येते.

एका शेजाऱ्यांनी एनर्जी ड्रिंकमध्ये टॉरिन असतं म्हणून तेच द्या असं सुचवलं. चुकूनही देऊ नका, त्यातलं कॅफिन मांजराला विषारी असतं. दूध-भातावरही भागत नाही. टॉरिन मांसात असतं, मासळीत असतं, धान्यात आणि सोयाबीनमध्ये नसतं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट सांगते. मांजराच्या खाण्यात वरून घातलेलं टॉरिन कारखान्यात तयार होतं, प्राण्यापासून काढलेलं नसतं. त्यामुळे नुसता हिरवा ठिपका बघून काही कळत नाही. पाकीट मांजराचंच आहे का आणि घटकांत टॉरिन लिहिलंय का, हे बघा. अमेरिकेतल्या मानकांत कोरड्या खाण्यात ते किमान 0.1 टक्का लागतं, डब्यातल्या ओल्या खाण्यात 0.2. दुकानात आधीच भरून ठेवलेल्या पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, तारीख, वजन आणि किंमत छापलेली असावी लागते. ती नसेल तर घेऊ नका, आणि बिल मागाच.

तुमच्याकडे अशी पिशवी असेल तर उरलेले दाणे फेकू नका. पिशवीसकट डॉक्टरांकडे न्या आणि मांजर कितीही ठणठणीत दिसत असलं तरी डोळे आणि हृदय तपासून घ्या. बिट्टीची बाहुली मोठी दिसायला लागली तेव्हाच मी नेलं असतं तर थोडी तरी नजर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.