'ट्रेसपासेस' की 'ऑल द रिव्हर्स'?

दोन माणसांच्या मध्ये धर्मही आहे आणि राजकारणही, अशा प्रेमाची एकच कादंबरी वाचायला वेळ असेल, तर माझ्या मते निवड या दोन पुस्तकांत होते. दोन्ही मी पाठोपाठ वाचली आणि दोन्ही कपाटात ठेवली आहेत.

दोरित राबिन्यान यांच्या 'ऑल द रिव्हर्स'ची सुरुवात विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या कॅफेत लिआत उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहीत असते. तेवढ्यावरून, ते अरबी समजून, कुणीतरी कळवतं आणि एफबीआयची माणसं दारात उभी राहतात. लिहीत असते ती हिब्रू! तेल अवीवची ही मुलगी आणि हेब्रॉनमध्ये जन्मलेला पॅलेस्टिनी चित्रकार हिल्मी परक्या शहराच्या थंडीत जवळ येतात. इस्रायलच्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये ही कादंबरी अभ्यासक्रमात घेण्याचं नाकारलं, यावरूनच ती किती झोंबली असेल ते कळतं.

मला मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत खुपली. लिआत परत जाणार हे ठरलेलंच आहे. घरचा फोन आला की हिल्मीने गप्प बसायचं, फोन ठेवला की धोका टळला. त्यात हिल्मीच्या भावाबरोबरच्या जेवणात एक राष्ट्र की दोन हा वाद पेटतो, तेव्हा माणसं मागे पडतात आणि मुद्देच बोलू लागतात. तिथे मी दोनदा पुस्तक मिटलं. एखाद्याला तोच भाग सर्वांत आवडेलही.

लुईझ केनेडी यांच्या 'ट्रेसपासेस'मध्ये (२०२२) फोन ठेवून सुटका नाही. काळ १९७५, जागा उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्टजवळचं गाव, कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराचे दिवस. कुश्ला कॅथलिक शिक्षिका, मायकेल प्रोटेस्टंट बॅरिस्टर, विवाहित आणि वयाने बराच मोठा. पहिल्याच प्रकरणात ती घरच्या पबमध्ये कामाला येते आणि भाऊ तिच्याकडे बघून थिजतो. कपाळावर पाद्र्याच्या अंगठ्याने लावलेली राख, म्हणजे कॅथलिक असल्याची उघड खूण, तशीच राहिलेली असते, आणि या पबात ब्रिटिश सैनिकही पितात. वर्गात सात वर्षांची मुलं रोज सकाळी बातम्या सांगतात, त्यात जेलिग्नाइटसारखे (एक स्फोटक) शब्द सहज येतात. त्यांतल्याच डेव्हीची आई प्रोटेस्टंट, वडील कॅथलिक. त्या घराचं काय होतं ते कुश्ला रोज बघते, आणि तरीही मायकेलकडे जाते.

बोली जरा अनोळखी आहे, सुरुवातीची पानं सावकाश जातील. तरी मी आधी हीच हातात घेईन.