ब्रिगेडियर साहेब की सुभेदार मेजर साहेब: बारावीनंतर आर्मीत कुठल्या दारानं शिरायचं?

मामेभावाचा मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे आणि घरात तीन पार्ट्या पडल्यात. मामा, म्हणजे त्याचे आजोबा, मराठा लाईटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं पोरानं आता ऑफिसरच व्हायचं, भरतीच्या रांगेत उभं राहायचं नाही. पोराचे मित्र अग्निवीरसाठी पहाटे चारला उठून पळतायत, त्यामुळं त्याला वाटतं एनडीए, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकादमी, वगैरे एवढा कुटाणा कशाला, इकडून लगेच वर्दी मिळतेय. आणि त्याच्या आईचं एकच, आधी ग्रॅज्युएशन कर, मग काय ते बघू. मला विचारलं तेव्हा मी म्हणलं, बेळगावच्या सेंटरमध्ये जे मोठे लोक बसतात ते तिथपर्यंत कसे आले तेवढं नीट बघा, अर्धा निकाल तिथंच लागतोय.

मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. वर कमांडंट, तो ब्रिगेडियर. त्याच्या खाली कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर अशी उतरण. आणि जवानांच्या बाजूनं सगळ्यात वर सुभेदार मेजर साहेब. ब्रिगेडियर आणि सुभेदार मेजर दोघंही साधारण पन्नाशीच्या आसपास, दोघांच्या छातीवर मेडलांची रांग, आणि खरी गंमत म्हणजे दोघांनीही घर बहुतेक एकाच वयात सोडलेलं असतं, सतरा-अठराव्या वर्षी. एक खडकवासल्याच्या एनडीएत उतरला, दुसरा भरतीच्या मैदानात. आज सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ब्रिगेडियरचं मूळ वेतन १,३९,६०० पासून सुरू होतं आणि सुभेदार मेजरचं ४७,६०० पासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे एकाला १५,५०० आणि दुसऱ्याला ५,२००. एवढा फरक एका परीक्षेनं आणि पाच दिवसांच्या एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाच्या मुलाखतीनं पडतो.

एनडीएचं दार अगदी थोडा वेळ उघडं असतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावी झालेली किंवा चालू, यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, म्हणजे हातात मोजून चार-पाच संधी, त्यातली पहिली तर बहुतेकांची परीक्षेचं स्वरूप कळण्यातच जाते. लेखी ९०० मार्कांची, त्यात गणित ३००, आणि एसएसबीही ९०० ची. निवड झाली की तीन वर्षं खडकवासला, जेएनयूची डिग्री, मग एक वर्ष डेहराडूनला आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमी. म्हणजे एकवीस-बावीसाव्या वर्षी लेफ्टनंट, खांद्यावर दोन स्टार. तिथून पुढं दोन वर्षांत कॅप्टन, सहाव्या वर्षी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल, इथपर्यंत साधारण ठरलेलं असतं. कर्नलपासून पुढं मात्र सिलेक्शन बोर्ड, आणि तिथं बरेच चांगले चांगले गाळले जातात, हे कोचिंग क्लासवाले सांगत नाहीत.

आपल्या माहितीतलं उदाहरण घ्यायचं तर जनरल मनोज नरवणे. पुण्याचा पोरगा, ज्ञानप्रबोधिनीत शिकलेला, वडील एअर फोर्समध्ये. एनडीए, आयएमए, आणि जून १९८० मध्ये कमिशन मिळालं, म्हणजे ऑफिसर झाले, ते ७ शीख लाईट इन्फंट्रीत. मग काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सची बटालियन, इन्फंट्री ब्रिगेड, कोहिमाला आसाम रायफल्स, मधे म्यानमारला डिफेन्स अटॅशे, ईस्टर्न कमांड, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला लष्करप्रमुख. आता उलटं बघा. जनरल जे. जे. सिंग, वडील फौजेतले अधिकारी, आजोबा साधे शिपाई, तेही एनडीएचेच, आणि हे सरदारजी कमिशन झाले १९६४ मध्ये ९ मराठा लाईट इन्फंट्रीत, पुढं २००५ ला लष्करप्रमुख. मराठी माणूस शिखांच्या पलटणीत आणि सरदारजी मराठ्यांच्या! ऑफिसर झालात तर गावाकडची पलटण मिळेलच असं नाही, ज्या जवानांचं नेतृत्व करायचं त्यांची भाषा शिकायची. मामा सांगायचे, त्यांच्या एका दक्षिणेकडच्या साहेबांचं मराठी इतकं पक्कं झालेलं की चंदगडचा जवान सुट्टीसाठी थाप मारायला लागला की साहेब त्याच्याच बोलीत विचारायचे, आजी गेल्या वर्षीच गेलेली न्हवं रं?

आईचा मार्ग म्हणजे ग्रॅज्युएशन आणि मग सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेसची परीक्षा. इथं दोन फाटे आहेत आणि लोक ते सर्रास एकत्र करतात. सीडीएसमधून आयएमएला गेलात, वय १९ ते २४, दीड वर्ष ट्रेनिंग, तर परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, एनडीएवाल्याच्याच शिडीवर फक्त दोन-तीन वर्षं उशिरा. ते दोन-तीन वर्षं तरुणपणी काहीच वाटत नाहीत, पण कर्नल ५४ ला रिटायर, ब्रिगेडियर ५६ ला, मेजर जनरल ५८ ला, त्यामुळं वरच्या बोर्डांच्या वेळी शिल्लक नोकरी कमी पडायला लागते. दुसरा फाटा ओटीए, म्हणजे चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, तिथून शॉर्ट सर्व्हिस, ठराविक वर्षांचीच नोकरी. दहा वर्षं, हवं तर अजून चार. आता हिशेब करा, लेफ्टनंट कर्नल तेराव्या वर्षी आणि करार चौदाव्या वर्षी संपणार. परमनंट कमिशन मिळालं तर पुढं कर्नलही होता येतं, नाही मिळालं तर पस्तीस-अडतीसाव्या वर्षी बाहेर, आणि पेन्शन नाही, कारण ऑफिसरला त्यासाठी वीस वर्षं लागतात. ज्याला दहा वर्षं फौज बघून मग कॉर्पोरेटमध्ये जायचंय त्याला हे झकास आहे. पण ब्रिगेडियरचा बंगला डोळ्यासमोर ठेवून ओटीएत जाणं मला तरी पटत नाही.

मुलींचं थोडक्यात सांगतो, कारण पोराच्या बहिणीनंही कान टवकारलेत. २०२२ पासून एनडीए मुलींना खुली झाली, पहिल्या बॅचमधल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर शॉर्ट सर्व्हिसवाल्या मुलींनाही परमनंट कमिशनचा रस्ता मोकळा झालाय, इन्फंट्री मात्र अजून बंद. डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, फौजेचं मेडिकल कॉलेज, आहेच, लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर तिथंच शिकल्या.

आता मामांचा रस्ता. मामांची काळी ट्रंक अजून माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, रँक, नाव. रँक बदलली की जुनी खरवडून त्यावर काळा हात मारायचा आणि नवीन लिहायची, त्यामुळं उन्हात तिरकं धरलं की सगळे थर दिसतात, शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. सुभेदार मेजरचा थर चढलाच नाही, कारण बटालियनला सुभेदार मेजर एकच असतो. सातआठशे माणसांत एक! तो होतो तेव्हा सर्व्हिस पंचवीस-तीस वर्षांच्या घरात गेलेली असते. ऑफिसर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन जातात, सुभेदार मेजर साहेबांची अख्खी हयात त्याच रेजिमेंटमध्ये गेलेली, कुणाचं घर कुठं, कुणाचं लग्न मोडलं, कोण पितो, सगळं त्यांना ठाऊक, त्यामुळं बटालियनचा कमांडिंग ऑफिसरसुद्धा त्यांचं ऐकून घेतो. नंतर ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन असा मान मिळतो. सियाचेनवाले परमवीर बाना सिंग १९६९ ला शिपाई म्हणून लागले आणि ऑनररी कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.

पण ही शिडी आता पूर्वीसारखी सरळ नाही राहिली आणि पोराला नेमकं हेच कळत नव्हतं. जून २०२२ च्या अग्निपथनंतर पहिली चार वर्षं अग्निवीर, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले तीस टक्के सेवानिधीत जातात, आणि बाहेर पडताना व्याजासकट साधारण ११.७१ लाख हातात. बावीसाव्या वर्षी एवढी रक्कम वाईट नाही, कुणी त्यात पोल्ट्री टाकेल, कुणी पोलीस भरती बघेल. पण सुभेदार मेजर व्हायचं म्हणून जात असशील तर आधी त्या चारातल्या एकात यायला लागतं.

मधला एक दरवाजा आहे, आर्मी कॅडेट कॉलेज, एसीसी, नोकरीतल्या जवानांना ऑफिसर करणारं, आता डेहराडूनला पण १९७७ पर्यंत पुण्यातच होतं. वयाची मर्यादा २७, तीन वर्षं डिग्री, एक वर्ष आयएमए. सत्ताविसाव्या वर्षी घुसला तर एकतिसाव्या वर्षी लेफ्टनंट, चव्वेचाळीसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. ब्रिगेडियर होणं जवळजवळ हाताबाहेरचं, पण शिपायापासून लेफ्टनंट कर्नलपर्यंत गेलेल्या माणसाला मामांसारखे लोक उठून उभं राहून सलाम करतात, ते मी बघितलंय.

तर मी पोराला सांगितलं ते असं: साडेएकोणीस होईपर्यंत एनडीएच्या जेवढ्या संधी आहेत तेवढ्या सगळ्या दे, कारण ते दार एकदा बंद झालं की संपलं. तोवर कॉलेजला नाव घालून ठेव म्हणजे आईही गप्प आणि सीडीएसही शाबूत. अग्निवीर घरात पैशाची खरंच निकड असेल तर, नुसते मित्र चाललेत म्हणून नको. मामांना हे पटलं, फक्त पहाटेचं पळणं सोडायचं नाही म्हणाले. अडचण एवढीच आहे की सहामाहीत गणितात ४१ पडलेत, त्यामुळं सध्या चारला ग्राउंड आणि सातला इंटिग्रेशन असं चालू आहे, आणि इंटिग्रेशनच्या तासाला पोरगं बसल्या बसल्या पेंगतंय.