‘रन’चे अर्थ सापडवून देणारा शब्दकोश

नवा इंग्रजी शब्दकोश हातात आला की मी आधी ‘रन’ उघडते. अवघड शब्द काय, एका ओळीत उरकतात! शिकवणीत मी ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ वापरते. तिथे ‘रन’च्या क्रियापदाचे अर्थ भरपूर आहेत, पण गटागटांवर छोटे मथळे दिलेत: पायी पळणं, कारभार चालवणं, बस-गाड्या, निवडणूक, द्रव, रंग. त्यामुळे ‘रन अ शॉप’ला अडलेलं पोरगं थेट कारभारापाशी पोचतं. नाक वाहतं, धुताना कपड्याचा रंग जातो, पेपरात बातमी छापतात, सगळीकडे हाच शब्द. अमेरिकेत तर पायमोज्याचा धागा उसवला तरी ‘रन’! क्रिकेटची धाव नामाच्या बाजूला शोधा.

व्याख्या सोप्या, ठरावीक शब्दांत दिल्यात. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हा कोश रचला, १९४२ मध्ये तो तिथेच छापला गेला. परक्या भाषेत चाचपडणाऱ्याची अडचण त्यात ओळखलेली दिसते.

मराठी अर्थ मात्र एकही नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना आधी इंग्रजी-मराठी कोशच द्या, हा नववीनंतर.