सरकारी धोरणाच्या क्षेत्रातली पहिली नोकरी: बेलापूरची कन्सल्टन्सी की मुख्यमंत्री फेलोशिप?

जिल्ह्याच्या आर्थिक विकासावर काम करायचंय, हातात अर्थशास्त्राची पदवी आहे आणि घर ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे, तर सुरुवातीला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सरकारी प्राधिकरणांचे प्रकल्प कक्ष चालवणारी कन्सल्टन्सी. दुसरी राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप, म्हणजे तरुणांना ठरावीक मुदतीसाठी सरकारी कार्यालयांत काम करायची संधी. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी बेलापुरात आणि मग फेलो म्हणून.

अटी आधी बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. फेलोशिपला ६० जागा, मुदत १२ महिने, वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. २०२५-२६ च्या तुकडीला प्रवासखर्चासह दरमहा ६१,५०० रुपये ठरले होते. म्हणजे आत्ताच कॉलेजातून बाहेर पडला असाल आणि इंटर्नशिपसुद्धा केली नसेल, तर यंदा ती वाट बंद. कन्सल्टन्सीत फ्रेशर घेतात. पगार कंपनीगणिक बदलतो आणि टेंडर संपलं की टीम मोडते, हे गृहीत धरा.

कन्सल्टन्सीत आकड्यांची शिस्त लागते. नीती आयोगाने ग्रोथ हबसाठी, म्हणजे शहर आणि भोवतालच्या प्रदेशाच्या आर्थिक विकासाच्या आराखड्यासाठी, सुरत, वाराणसी, विशाखापट्टणम यांच्याबरोबर मुंबई महानगर प्रदेश निवडला आणि २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरच्या अर्थव्यवस्थेचं लक्ष्य ठेवलं. असल्या आराखड्यामागे ढीगभर तक्ते असतात. माझ्या पहिल्याच तक्त्यात ठाण्याचं दरडोई उत्पन्न विचित्र कमी आलं. वरिष्ठ मॅडमनी शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, “लोकसंख्या कुठली घेतलीस?” मी २०११ च्या जनगणनेचे १ कोटी १० लाख घेतले होते. त्यात पालघर होतं, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला. उत्पन्न नव्या ठाण्याचं, माणसं जुन्या ठाण्याची. तेव्हापासून कुठलाही जिल्हानिहाय आकडा हातात आला की मी आधी जिल्ह्याची हद्द तपासते. हे शिक्षण फेलोशिपमध्ये इतक्या काटेकोरपणे मिळालं नसतं.

पण त्या वर्षभरात मी एकदाही कर्ज मागणाऱ्या माणसासमोर बसले नव्हते.

फेलोशिपमध्ये ते रोजचं झालं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात नवा उद्योग सुरू करणाऱ्याला बँकेच्या कर्जाबरोबर प्रकल्पावर १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. कागदावर छान दिसतं. आसनगावला उतरून शहापूरच्या पुढे एका ताईंच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून मसाला कांडप यंत्राचं कोटेशन काढलं. जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस झाली होती, अर्ज अडला होता बँकेत. कोटेशनची मुदत संपलेली, नवं आणलं तर यंत्राची किंमत वाढलेली, म्हणून प्रकल्प अहवालही नव्याने करायचा. ‘मंजुरीचं प्रमाण कमी’ असं मी आधीच्या नोकरीत बेधडक लिहिलं असतं. ते कमी का, हे त्या पिशवीत दिसलं. पुढच्या टिपणीत आम्ही बँकेत अडकलेले अर्ज कारणांनुसार वेगळे मांडले.

फेलोशिपची दुबळी बाजूही आहे. नेमणूक कुठे मिळेल ते आपल्या हातात नसतं. आणि विषय समजेपर्यंत वर्ष संपतं, याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून माझा सल्ला क्रमाचा आहे. वय २२-२३ असेल तर आधी कन्सल्टन्सी, मग फेलोशिप. अनुभव असेल आणि पंचविशी गाठली असेल तर फेलोशिपचा अर्ज आधी भरा, कारण कन्सल्टन्सीला वयाची अट नसते. मुलाखतीत मात्र दोन्हीकडे एक प्रश्न विचारा: महिन्यातले किती दिवस तालुक्यात जायला मिळेल? शहापूर, मुरबाड, भिवंडी ही नावं उत्तरात आलीच नाहीत, तर तिथे तुमच्या वाट्याला फक्त स्लाइड येणार.